राखणदारांना झोपवायचं औषध

आमच्या घरात साखर तपासायचं काम दादांचं, म्हणजे माझ्या वडलांचं होतं. दिवसभर ते भवानीनगरला कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसातली साखर तपासायचे आणि घरी आले की मोरीजवळ पाट टाकून माझ्या लघवीतली. हे सांगितलं की लोकांना हसू येतं. मलाही यायचं, पण दादांना कधी आलं नाही. काचेच्या नळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात थेंब सोडायचे, स्पिरिटच्या दिव्यावर नळी तिरकी धरून उकळायची आणि रंगाची वाट बघत बसायचं. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी झालं की शेजारी ब्लाउज शिवत बसलेली आई मशीनचं पायडल थांबवायची. मी आतल्या खोलीत अकरावीचं पुस्तक घेऊन बसलेली असायची. मशीन मध्येच थांबलं की आजचा रंग मला न विचारता कळायचा.

रंग बघणं दादांचं, सुई आईची. काचेची सिरिंज ती पातेल्यात उकळायची. इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पाण्याच्या माठात सोडलेली असायची, कारण फ्रिज आमच्या चाळीत कोणाकडेच नव्हता. आईनं सिरिंज हातात घेतली की दादा चपला घालून बाहेर जायचे आणि ओट्याखाली उभे राहून कारखान्याच्या चिमणीकडे बघत राहायचे. गळिताचा हंगाम असला की सगळ्या कॉलनीवर मळीचा आंबूस वास धरलेला असायचा. त्यातच सिरिंज उकळल्याची वाफ मिसळायची. अजूनही कुठे मळीचा ट्रक पुढे असला की माझी मांडी आपोआप आखडते. पन्नाशी उलटली तरी ही खोड गेलेली नाही.

भिंतीला भिंत लागून शालनकाकीचं घर होतं. काकी काटेवाडीच्या बागायतदार घरातली लेक, नवरा कारखान्याच्या मिलमध्ये फिटर. तिची चार-पाच वर्षांची पिंकी सकाळी उठली की तोंड न धुता आमच्याकडे यायची आणि माझ्या मांडीवर बसून आईच्या चिंध्यांशी खेळायची. आम्ही बौद्ध. दादा लहान असताना त्यांच्या वडलांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव विहिरीत सोडले. कॉलनीत सगळे आमच्याशी गोड बोलायचे, पण आमच्या कपातून चहा पिणारी बाई एकच, ती म्हणजे शालनकाकी. दादा तिला फार मानायचे. दिवाळीला तिच्याकडून फराळाचं ताट आलं की ते स्वतः उठून घ्यायचे. इतर घरांतून आलेल्या ताटासाठी ते उठायचे नाहीत, आईला खुणावायचे.

दादांची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉलनीत कोणाच्या लेकराला कांजिण्या आल्या की त्या घराच्या दारावर कडुलिंबाची डहाळी लागायची. घरात देवी आल्यात म्हणायचे. मग त्या घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही, लेकराला लिंबाच्या पाल्यावर निजवायचं आणि शेवटी दहीभाताचा नैवेद्य दाखवून देवीला निरोप द्यायचा. बाकीचे लोक ती डहाळी दिसली की रस्त्याच्या पलीकडून जायचे. दादा मुद्दाम आत जायचे. लेकराच्या कपाळावर हात ठेवायचे, आईबापाला म्हणायचे, "देवी-बिवी काय नसतंय. ताप हाय, उतरंल." आणि ताठ मानेनं घरी यायचे. आम्ही घाबरत नाही, हे सगळ्या चाळीला दिसलं पाहिजे असा त्यांचा हट्ट असायचा. मला त्यांचा अभिमान वाटायचा. आजही वाटतो, हे मी आधीच सांगून ठेवते.

मधुमेह होऊन थोडेच दिवस झाले असतील तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी आम्हाला पुण्याला पाठवलं. पुण्याचे डॉक्टर परदेशात काम करून आलेले, तरुण आणि सडसडीत. बोलताना ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहायचे. ते म्हणाले, "रक्तात आपले राखणदार असतात. बाहेरचा जंतू आला की त्याला हाणायचं, हे त्यांचं काम. काही जणांत त्यांची ओळख चुकते. इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशींना ते परकं समजतात आणि मारत सुटतात. असं का होतं, ते कोणालाच नीट ठाऊक नाही."

दादा म्हणाले, "आपल्याच माणसाला परकं समजून हाणायचं. आम्हाला हे काही नवीन नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी केसपेपरवरचं आमचं आडनाव एकदा बघितलं आणि पेपरवेट खाली ठेवला. मग त्यांनी सायक्लोस्पोरिनचं नाव काढलं. मूत्रपिंड बदललेल्या माणसांना देतात ते औषध. ते या राखणदारांना झोपवतं. माझ्या सगळ्या पेशी अजून मेलेल्या नव्हत्या, तेवढ्यात राखणदारांना झोपवलं तर उरलेल्या वाचतील, असा हिशेब. परदेशात काही मुलांच्या सुया यानं सुटल्या होत्या. औषध बंद केल्यावर बहुतेकांच्या परत आल्या, हेही त्यांनी लपवलं नाही. "मी खात्री देत नाही. आणि एक ध्यानात ठेवा. राखणदार झोपले की चोराला मोकळं रान. सर्दी-तापाच्या माणसापासून हिला लांब ठेवा. गोवर, कांजिण्या असलेल्या घरात हिचं पाऊल पडता कामा नये. साध्या कांजिण्या हिच्या फुफ्फुसात उतरतील. हिला लहानपणी येऊन गेल्यात का?"

आईनं दादांकडे बघितलं, दादांनी आईकडे. ज्यांच्या घरी देवी येतात त्यांना सगळा थाट जन्मभर आठवतो. आमच्याकडे डहाळी लागली नाही, नैवेद्य झाला नाही, त्यामुळे मला कांजिण्या आल्या होत्या की नुसतं घामोळं, हे दोघांनाही सांगता येईना. "आल्या असतील," आई म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "मग आल्या नाहीत असं धरून चाला."

औषध तेलकट होतं. काचेच्या पेल्यात दुधात कालवून घ्यायचं, आणि त्याचा वास दुधावर मात करायचा. हिरड्या सुजल्या. हातावर काळी लव उगवली, मग वरच्या ओठावर. बारामतीच्या कॉलेजात पोरं मागच्या बाकावरून "मिशाळ" म्हणायची. मी एसटीत खिडकीशी ओढणीनं तोंड झाकून बसायची आणि घरी येऊन आईवर भडकायची. आई म्हणायची, "केसाचं बघू म्होरं. सुई सुटू दे आधी." आणि सुई खरंच सुटत चालली. आधी संध्याकाळची सुटली, मग सकाळची निम्मी झाली आणि एके दिवशी तीही बंद झाली. नळीतलं द्रावण निळं ते निळं. आईनं सिरिंज फडक्यात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवली. त्या दिवसांत मशीनवर बसून ती गुणगुणायची. तिचा गळा इतका बरा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग तो मार्चमधला दिवस. दादा आणि मी पुण्याहून तपासणी करून परतत होतो. रक्तातली साखर उत्तम, मूत्रपिंडं ठीक. डॉक्टरांनी दादांच्या पाठीवर थाप मारली होती. बारामतीच्या स्टँडवर दादांनी चिवड्याचा मोठा पुडा घेतला. "पेढं वाटलं असतं, पर जिच्यासाठी वाटायचं तिलाच खाता येत न्हाय," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले. इंदापूरच्या एसटीत बसलो. काटेवाडीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, गाडी मुंगीसारखी चाललेली, पण दादांना कशाचीच घाई नव्हती. मला बारावीनंतर पुण्यात ठेवायचं, बीएस्सी करायचं, असं सगळं ते शेजारच्या अनोळखी पागोटेवाल्याला सांगत होते.

उतरल्यावर घरीसुद्धा न जाता आधी शालनकाकीकडे निघाले. पहिला चिवडा तिच्या घरी. दाराला डहाळी होती. मी ती बघितली, दादांनीही बघितली असणार. काकी आतून आली आणि उंबऱ्यात उभी राहून तिनं दोन्ही हात आडवे केले.

"थांब सुजा. आत येऊ नगंस."

डॉक्टरांनी घातलेलं बंधन आईनं तिच्या कानावर घातलं होतं, त्यामुळे मला तिच्या आवाजात फक्त काळजी ऐकू आली. दादांना काय ऐकू आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चिवड्याचा पुडा धरलेला त्यांचा हात खाली आला. लहानपणी गावात त्यांना किती दारांतून असं थांबवलं असेल, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या क्षणी सांगायची गरजही राहिली नाही.

"का? आमी न्हाय यायचं?" दादा हळू म्हणाले.

"तसं न्हवं, भाऊ. पिंकीला देवी आल्यात."

"वहिनी, देवीला आमचं वावडं हाय का?"

काकीचे हात खाली आले. दादांनी माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. कांजिण्या काय असतात ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, डॉक्टरांचं बोलणंही ते विसरले नव्हते. पण त्या क्षणी त्यांना फक्त उंबरा दिसला. पिंकी पाल्यावर पडली होती, अंगभर पाणीदार फोड. मला बघून तिनं हात पुढे केले. मी तिच्याजवळ बसले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून, नाक शिंकरत, चिवड्यातले दाणे वेचून खात राहिली. दादा खुर्चीवर ताठ बसून होते. काकीनं न विचारता चहा आणला, माझा बिनसाखरेचा.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "चिवडा वाटून आलात व्हय?" दादांनी सांगितलं, आणि सांगता सांगता मध्येच थांबले. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की आईनं आधी त्यांनाच पाणी दिलं. मग तिला कळलं. तिनं मला मोरीत नेऊन डोक्यावरून पाणी ओतलं, सगळे कपडे उकळायला टाकले. त्यानं काही होणार नव्हतं. मी थंडीनं कुडकुडत उभी होते आणि बाहेर दादा एकच वाक्य म्हणत होते, "मी नेलं. माझ्या हातानं नेलं."

सकाळी स्टँडजवळच्या टेलिफोन बूथवरून पुण्याला फोन लावला. बूथच्या काचेतून मला दादांची पाठ दिसत होती. ते फोनवरसुद्धा उभं राहून, मान हलवून बोलत होते. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "औषध आजपासनं बंद. अंगावर एक ठिपका दिसला तरी त्याच पावली पुण्याला आणा म्हणत्यात."

आईनं औषधाची बाटली पदराआड धरली. असं ती कधी वागायची नाही. "दोन-तीन आठवडं ठिपका दिसणार न्हाय म्हणत्यात न्हवं? मग तवर घेऊ दे तिला. दिसला तर करू बंद. पोरीच्या सुया सुटल्यात."

"जिवाचं हाय, सुमन."

"तुमीच नेलं तिला आत. आन आता औषध बी तुमीच बंद करणार?"

बोलल्यानंतर आईला ते परत घेता आलं नाही. बाटली शेवटी मीच तिच्या हातातून घेतली आणि फळीवर ठेवून दिली. मी शूर होते म्हणून नाही. मला पिंकीच्या अंगावरचे फोड आठवत होते आणि फुफ्फुसात उतरतील हे शब्द कानातून जात नव्हते. मी मरेन, एवढंच मला वाटत होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. आई सकाळी खिडकीजवळच्या उजेडात माझी पाठ, मान, कानांमागची जागा तपासायची. डास चावलेला दिसला तरी तिचे हात थांबायचे. दादा कामावरून आले की नळी घेऊन बसायचे. काही दिवस निळं राहिलं, मग हिरवट झालं, मग पिवळं. एका संध्याकाळी विटकरी झालं आणि आईनं मशीन थांबवून ट्रंक उघडली. दादा चपला शोधायला लागले. आईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि सिरिंज पातेल्यात टाकली. त्या दिवसांत दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायची. "सांग तुझ्या दादांना, जेवायला वाढलंय." दोन हातांवर बसलेल्या माणसाला मी तोच निरोप द्यायची.

काकी रोज दारापर्यंत यायची आणि ओट्यावरून विचारायची, "काय दिसलं का गं?" पिंकी बरी होऊन अंगणात खेळत होती. तिच्या कपाळावर दोन खड्डे राहिले होते. ठिपका दिसला तो माझा मलाच, वेणी घालताना, केसांच्या मुळाशी. दुपारपर्यंत पोटावर दहा-बारा. कारखान्याची जीप मिळाली. इंदापूर-बारामती-पुणे रस्त्यानं मी किती वेळा गेले असेन, पण त्या दिवशीचा रस्ता मला आठवतच नाही. आठवतो तो फक्त दादांचा तळहात, माझ्या छातीवर ठेवलेला. श्वास नीट चाललाय ना, ते बघत होते.

पुण्यात मला एकटीला वेगळ्या खोलीत ठेवलं. शिरेतून औषध सुरू झालं. अंगावर तीळ ठेवायला जागा नाही असे फोड, घशात फोड, ताप असा की भिंतीवरची पाल मला दोन दिसायची. एका रात्रीनंतर खोकला सुरू झाला. एक्स-रे काढला, डॉक्टर तो खिडकीशी धरून बघत राहिले आणि बाहेर जाऊन दादांशी बोलले. दादा आत आले तेव्हा हसत होते. त्यांना खोटं हसता येत नाही, हे त्या माणसाला कधी कळलंच नाही. ते दोन-तीन दिवस काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आई बाहेरच्या बाकावरून उठली नाही. औषध दोन आठवडे आधीच बंद केलं होतं म्हणून वाचली, असं डॉक्टर पुढे म्हणाले. आई ते ऐकून पदरात तोंड घालून रडली.

ताप उतरल्यावर शालनकाकी आली. तिला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून नर्सनं आत सोडलं. ती एसटीनं एकटी आली होती, पुण्याला पहिल्यांदाच. बराच वेळ माझे पाय चेपत बसली. मीच विचारलं, "काकी, तू परत का न्हाय थांबवलंस आमाला?"

"पयल्यांदा म्हणलं तवा पिंकीचं तुला लागंल, ह्याबिगर माझ्या मनात काय नव्हतं गं. भाऊंनी तसं इचारलं आन माझ्याच कानाला माझं बोलणं कसं लागलं, ते कळालं. आमच्या म्हायेरात म्हाताऱ्या बाया असंच म्हणायच्या, हात आडवं करून. दुसऱ्यांदा म्हणायला माझी जीभ रेटली न्हाय." तिनं माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. "रेटाया पायजे हुती. लाज वाटली मला, आन त्या लाजंपायी तू मरत हुतीस."

दादा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते आत आले आणि काकीच्या शेजारी स्टुलावर बसले. दोघांपैकी कोणीच क्षमा मागितली नाही. काकीनं पिशवीतून डबा काढला, भाकरी आणि मेथीची भाजी. दादांनी तिथंच बसून खाल्ली. दोन दिवसांत त्यांनी काही खाल्लं नव्हतं, असं आई नंतर म्हणाली.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं. राखणदार आता जागे झालेत, उरलेल्या पेशींवर परत हात टाकतील. महिन्या-दोन महिन्यांनी औषध पुन्हा सुरू करून बघता येईल. मिळालं तर थोडं यश मिळेल, धोका तोच. आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत अजून आशा होती, ते बघून मला वाईट वाटलं. दादा म्हणाले, "तिला इचारा. आमी आता तिच्या वतीनं कुठलं दार उघडणार न्हाय."

"नको मला," मी म्हटलं. "सुई चालंल." इतकं मोठं उत्तर द्यायला माझा आवाज फार बारीक निघाला. आज नवीन औषधांविषयी वाचते. राखणदारांना सरसकट न झोपवता त्यांची ओळख तेवढी सुधारायचे प्रयत्न चाललेत. माझ्यासारख्या पोरींना ती मिळावीत असं मनापासून वाटतं. पण त्या दिवशीच्या उत्तराचा मला पस्तावा नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी आईनं सिरिंज उकळली. दादा उठले तसं मला वाटलं, आता चपला घालतील. त्यांनी हात धुतले, पुसले आणि आईपुढे धरले. "आण. मी देतो." आईनं सिरिंज त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढला, पुन्हा काढला. माझ्या मांडीवरच्या वाळलेल्या खपल्यांमध्ये मोकळी जागा शोधली आणि तिथंच थांबले.

"टोचा, दादा."

त्यांनी टोचली. आईसमोर मी आजवर कधी हूं की चूं केलं नव्हतं, तिला वाईट वाटेल म्हणून. दादांना मी सांगितलं, "दुखलं." ते म्हणाले, "व्हय गं पोरी," आणि सुई बाहेर काढून ती जागा अंगठ्यानं दाबून धरून बसून राहिले.